‘व्हेज’ची एकच चौकट: बोलोन्यातल्या एका खाद्यफेरीचं प्रकरण

मे महिन्यातली सकाळ, इटलीतलं बोलोन्या शहर आणि माझ्याबरोबर चौदा माणसं: ठाण्याची, पुण्याची, नाशिकची. साडेतीन तासांच्या खाद्यफेरीतला दुसरा थांबा चीजच्या दुकानाचा होता. पार्मिजानोचा खडा अर्धा खाऊन झाल्यावर नाशिकच्या काकूंनी सहज विचारलं, "अगं, हे दूध फाडायला काय घालतात?" मी तो प्रश्न गाइडबाईंना इंग्रजीत विचारला. त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट घालतात, दुसरं काही चालतच नाही, तसा नियमच आहे. मराठीत सांगायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पण काकूंच्या मुलाला इंग्रजी चांगलं येत होतं आणि गप्प बसणं मात्र येत नव्हतं.

काकूंनी उरलेला खडा कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. परक्याच्या दुकानात थुंकायचं नाही, त्याच्यासमोर टाकून द्यायचं नाही, एवढं भान त्यांनी त्या क्षणीही राखलं. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "म्हणजे रोमला तीन दिवस पिझ्झा खाल्ला, त्यावरच्या चीजचं काय?"

मी टूर मॅनेजर आहे. हे टिपण मुळात आमच्या ऑफिससाठी लिहिलं होतं, कारण परत आल्यावर एका कुटुंबाने पैसे मागितले आणि चूक कोणाची हे ठरवायची वेळ आली. चूक माझी होती. पण ती नक्की कुठे झाली हे शोधायला मला बराच वेळ लागला, आणि सापडलेली जागा पहिल्यांदा वाटली होती ती नव्हती.

शहर आणि फेरी

बोलोन्याला इटलीत तीन टोपणनावं आहेत: विद्वान, लठ्ठ आणि लाल. विद्वान, कारण इथलं विद्यापीठ १०८८ सालापासूनचं मानतात. लाल, कारण विटा आणि कौलं तशी आहेत, आणि राजकारणही बराच काळ तसंच होतं. लठ्ठ हे नाव जेवणामुळे. पो नदीच्या सपाट, ओल्या खोऱ्यात गाई, डुकरं आणि मऊ गहू या तिन्हींची चंगळ असल्यामुळे इथला स्वयंपाक लोणी, चरबी आणि अंड्यांवर उभा राहिला. ऑलिव्ह तेल आणि टोमॅटो ही इटलीची जी ओळख आपल्या डोक्यात असते, ती बरीचशी दक्षिणेकडची.

खाद्यफेऱ्या चालतात त्या क्वाद्रिलातेरो भागात, म्हणजे मुख्य चौकाला लागून असलेल्या जुन्या बाजारात. गल्ल्यांची नावं अजून जुन्या धंद्यांची आहेत: ओरेफिची म्हणजे सोनार, द्राप्पेरिये म्हणजे कापडवाले, पेस्केरिये व्हेक्किये म्हणजे जुनी मासळी बाजारपेठ. आमच्यातल्या पुणेकरांनी लगेच तांबट आळी आणि बोहरी आळी काढली, आणि पहिली दहा मिनिटं सगळे खुशीत होते.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की गाइड रमतगमत जाते आणि मनात येईल तिथे थांबते. प्रत्यक्षात आमच्या फेरीतला प्रत्येक घास आधी मोजलेला होता. दुकानं अरुंद, काउंटरपुढे सहा माणसं उभी राहिली की गिऱ्हाइकाला वाट राहत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी वेळ ठरलेली आणि बशा मोजून भरलेल्या. गाइडबाई दोन दिवस आधी आकडा कळवतात: इतके सगळं खाणारे, इतके शाकाहारी. दुकानदार त्याप्रमाणे कापून ठेवतो. त्यामुळे ऐनवेळी "हिला हे नको, त्याला ते द्या" म्हटलं तर द्यायला काही नसतं, आणि मागे पुढचा गट उभा असतो.

तो आकडा मीच पाठवला होता. नऊ शाकाहारी, पाच मांसाहारी.

नऊ म्हणजे कोण

आमच्या बुकिंग फॉर्मवर जेवणासाठी दोन चौकटी होत्या, व्हेज आणि नॉनव्हेज. व्हेजवर खूण करणाऱ्या नऊ जणांकडे नंतर एकेक करून पाहिलं तेव्हा कळलं की त्या एका चौकटीत निदान चार पंक्ती बसल्या होत्या. तिघं केकमधलं अंडं खाणारी, पण ऑम्लेट समोर आलं तर उठून जाणारी. दोघं ठाण्याचं जैन जोडपं, कांदा-लसूण-बटाटाही वर्ज्य. काकू आणि त्यांच्या बहिणीला अंडं कोणत्याच रूपात नको. उरलेले दोन काका बाहेर सर्रास चिकन खातात, पण फॉर्म घरी बायकोने भरला होता.

इटालियनमध्ये ‘व्हेजेतारियानो’ म्हणजे मांस-मासे न खाणारा; अंडं, दूध, चीज त्याला चालतं असं सगळेच धरून चालतात. गाइडबाईंनीही तेच धरलं आणि अगदी मन लावून तयारी केली. मला राग यायला जागा हवी होती, पण त्यांच्या कामात ती सापडली नाही.

थांब्यांवर काय झालं

पहिला थांबा मांसाच्या दुकानात. छताला टांगलेल्या हॅमच्या तंगड्या, आणि काचेमागे माणसाच्या मांडीएवढी मोर्तादेल्ला. डुकराचं बारीक वाटलेलं मांस, त्यात पांढऱ्या चरबीचे चौकोनी तुकडे, मिरी, कधी पिस्ते, आणि सगळं मंद आचेवर शिजवलेलं. ती कशी करावी याचं फर्मान एका कार्डिनलने १६६१ साली काढलं होतं. मांसाहारी पाच जण तिथे तृप्त झाले. शाकाहाऱ्यांसाठी पावावर फ्रिज्जोने होतं: पांढरा कांदा आणि टोमॅटो तासन् तास शिजवून केलेलं दाट कालवण. जैन जोडप्याने कांदा बघूनच हात मागे घेतला. बाकीच्यांनी मिटक्या मारत खाल्लं, काकूंनी तर दोनदा घेतलं. दिसायला ते आपल्या कांदा-टोमॅटोच्या भाजीसारखंच. पण पारंपरिक फ्रिज्जोने डुकराच्या चरबीत, म्हणजे स्त्रुत्तोमध्ये करतात. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. गाइडबाईंना ठाऊक होतं, पण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही. मांस नाही ना त्यात.

दुसरा थांबा चीजचा. इथे थोडं थांबायला हवं, कारण पार्मिजानो कसं करतात हे ऐकताना आमचा गट खरोखर रंगला होता. संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून वरची साय काढायची, त्यात सकाळचं ताजं दूध मिसळायचं, तांब्याच्या मोठ्या कढईत ओतायचं. मग त्यात आदल्या दिवशीची आंबलेली निवळी घालायची. "अय्या, विरजणच की!" असं दोघी एकदम म्हणाल्या, आणि ते खरंच विरजण आहे. त्यानंतर रेनेट. दही धरलं की ते तांदळाच्या दाण्याएवढं बारीक मोडायचं, गरम करायचं, कढईतून दोन चक्क्या, म्हणजे चीजची मोठी गोल चाकं, निघतात, त्या मिठाच्या पाण्यात काही आठवडे मुरवायच्या आणि मग फळीवर निदान बारा महिने. एका चक्कीला सुमारे साडेपाचशे लिटर दूध लागतं. वर्षानंतर तपासनीस छोट्या हातोडीने ठोकून आवाजावरून आत पोकळी आहे का ते ओळखतो, अगदी आपण कलिंगड ठोकून बघतो तसं.

विरजणापर्यंत सगळं घरचं होतं. एक शब्द पुढे गेलो आणि वासराचं जठर आलं. पार्मिजानो रेज्जानो हे नाव युरोपीय कायद्याने संरक्षित आहे आणि त्याच्या नियमावलीत वासराचंच रेनेट सांगितलेलं आहे. त्यामुळे ‘शाकाहारी पार्मिजानो’ असं काही नसतं. तसं कोणी विकत असेल तर ते दुसरं चीज आहे. इथे बऱ्याच पारंपरिक चीजचं तेच. रिकोटासुद्धा चीज काढून उरलेल्या निवळीतूनच करतात, म्हणजे काटेकोर माणसाला तिथेही अडखळायला होतं.

तिसरा थांबा पास्त्याच्या शेव्यांचा, खरं तर लाटण्याचा. पिठाची पोळी लाटणाऱ्या बाईला इथे स्फोलीना म्हणतात. तिचं लाटणं आपल्या लाटण्याच्या तिप्पट लांब, पोळपाट म्हणजे अख्खं टेबल. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाणी नाही. तिने पिठाचं आळं केलं आणि सगळ्यांसमोर एकामागून एक सहा अंडी फोडली. काकू एव्हाना दारात उभ्या होत्या. पण लाटणं सुरू झालं तशा त्या दोन पावलं आत आल्या. पोळी लाटण्यावर गुंडाळून, तळव्याने ताणत, उजेडात धरली तर पलीकडचं दिसेल इतकी पातळ करायची, हे बघताना चाळीस वर्षं पोळ्या लाटलेल्या बायकांचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं. पुरणपोळी आणि मांडे यांच्यावर तिथे जी चर्चा झाली तिचं भाषांतर मला जमलं नाही आणि कोणाला त्याची गरजही पडली नाही. तोर्तेल्लिनी म्हणजे सारण भरून दुमडलेला छोटा पास्ता; त्याची घडी आमच्या एका मावशींना पहिल्याच प्रयत्नात जमली, मोदक-करंज्यांचा हात असल्यामुळे. स्फोलीनाबाईंनी मावशींचा हात धरून सगळ्यांना दाखवला.

इथे ताल्यातेल्लेची, म्हणजे फितीसारख्या लांब पास्त्याची, रुंदीही ठरलेली आहे. १९७२ साली तिचा सोन्याचा नमुना करून स्थानिक व्यापारी मंडळाकडे ठेवला: शिजल्यावर आठ मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. हे हिशेब ऐकून आमचे निवृत्त बँक अधिकारी फार सुखावले.

चौथा थांबा ओस्तेरिया देल सोले. १४६५ पासूनचा हा गुत्ता फक्त पेय विकतो, खाणं आपापलं आणायचं. गाइडबाईंनी हे सांगितल्याबरोबर जैन मावशींनी पिशवीतून डबा काढला. खाकरे, छुंदा, सुकी भेळ. सकाळपासून त्यांनी एक घासही खाल्ला नव्हता आणि तक्रारही केली नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी मोर्तादेल्लाचा कागद उलगडला होता. त्यांनी खाकरा वाकून पाहिला, वाजवून पाहिला आणि खाल्ला. अख्ख्या फेरीत आमचं माणूस यजमान झालं ते एवढंच.

संध्याकाळ

फेरी संपल्यावर मी गाइडबाईंना प्रत्येक पदार्थ काय-काय घालून करतात ते विचारलं. फ्रिज्जोनेतली चरबी तेव्हा कळली. सांगायचं की नाही? गटातल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन सल्ला दिला की खाऊन झालेलं आता उकरू नये, उगाच मनस्ताप. हा सल्ला वाईट हेतूचा नव्हता. तरी मी हॉटेलच्या लॉबीत सगळ्यांना सांगितलं, कारण दुसऱ्या दिवशी त्याच चरबीत तळलेल्या क्रेशेन्तिने, म्हणजे मैद्याच्या टम्म पुऱ्या, जेवणात यायच्या होत्या, आणि पुऱ्या बघून कोणी थांबलं नसतं.

परतफेड मागितली ती काकूंच्या मुलाने. काकूंनी नाही.

चूक कुठे होती

आधी वाटलं, भाषेची. मग वाटलं, फॉर्मची. दोन्ही खरं, पण दोन्हींच्या मागे हिरवा ठिपका आहे. भारतात पाकीटबंद खाण्यावर शाकाहारी-मांसाहारी ही खूण कायद्याने सक्तीची आहे, आणि त्या व्याख्येत दूध शाकाहारी, अंडं मांसाहारी. इथल्या कंपन्या चीजला हिरवा ठिपका मिळावा म्हणून सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात. परिणाम असा की चीज म्हणजे दूध, आणि दूध म्हणजे आपलं, हे आपल्या मनात इतकं पक्कं झालं आहे की विचारायची सवयच गेली. आमच्या आजीच्या पिढीने परक्या घरी पाणी घ्यायच्या आधीसुद्धा चार प्रश्न विचारले असते. त्यातले काही प्रश्न जातीचे होते आणि ते गेले हे बरंच झालं. पण त्यांच्याबरोबर "यात काय आहे?" हा साधा प्रश्नही गेला. काकूंनी तो विचारला, पण अर्धा खडा खाल्ल्यावर.

दुसरी चूक आखणीची, आणि ती मला जास्त खुपते. आम्ही ‘व्हेज’ म्हणजे वजाबाकी समजत होतो. मांसाच्या जागी काहीतरी द्या, म्हणून गाइडबाई पर्याय शोधत बसल्या, आणि पर्याय म्हणून जे येतं ते नेहमी बाजूला पडलेलं असतं. नऊ जण साडेतीन तास दुसऱ्यांच्या फेरीत उभे होते.

या शहराकडे त्याचं स्वतःचं उत्तर होतं, हे मला गाइडबाईंशी नंतर झालेल्या बोलण्यात कळलं. कॅथलिक घरांत शुक्रवारी आणि काही सणांच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य असायचं. त्या दिवसांच्या जेवणाला ‘दि माग्रो’ म्हणतात, शब्दशः ‘रोडकं’. लठ्ठ शहराचं रोडकं जेवण. तोर्तेल्लिनीत डुकराचं मांस, हॅम आणि मोर्तादेल्ला भरतात आणि मांसाच्या रश्शात वाढतात. त्यांच्या थोरल्या भावंडांमध्ये, तोर्तेल्लोनीत, रिकोटा आणि पालेभाजी भरून लोणी आणि सेज नावाच्या सुगंधी पाल्यात घोळवतात. हे कोणी पर्यटकांसाठी काढलेलं नाही, ती त्यांची उपासाची थाळी आहे. अंडं आणि रेनेट त्यात आहेतच. पण ती शहराची मुख्य वाट आहे, आणि तिथून सुरुवात केली की कोणाला कुठे थांबायचं ते ज्याचं त्याला ठरवता येतं.

बदल आणि सप्टेंबरची तुकडी

फॉर्मवरच्या दोन चौकटी काढल्या. आता साधे प्रश्न आहेत: अंडं चालतं का, आणि केकमधलं? चीजमध्ये वासराचं रेनेट असेल तर? तळण प्राण्याच्या चरबीत असेल तर? कांदा-लसूण? आंबवलेलं? शेवटचा प्रश्न जैन मावशींनी सुचवला. मला वाटलं होतं की मोदेनाचं पारंपरिक व्हिनेगर, जे द्राक्षांचा रस आटवून निरनिराळ्या लाकडांच्या पिंपांत निदान बारा वर्षं मुरवतात, ते तरी सगळ्यांना चालेल. त्यांनी शांतपणे विचारलं, "आंबवतात ना?" आणि माझी खात्री तिथेच संपली.

फेरीही उलटी केली. आता सुरुवात लाटण्यापासून होते, खाणं नंतर. तिथेच पाणी आणि रव्याच्या, दक्षिणेकडच्या सुक्या पास्त्याची एक पातेली वेगळी शिजते, अंडं न खाणाऱ्यांसाठी. मग मेर्कातो देल्ले एर्बे या १९१० साली सुरू झालेल्या भाजी मंडईत फळं आणि ऑलिव्ह, आणि चीजच्या दुकानात बशी हातात देण्याआधी रेनेटची गोष्ट. मांसाचं दुकान शेवटी, ज्यांना जायचं त्यांनीच जायचं. प्रत्येक थांब्यावर गाइडबाई आधी घटक सांगतात, मी मराठीत सांगते, मग बशी पुढे येते. यात वीस मिनिटं जास्त जातात आणि एक दुकान गाळावं लागलं.

सप्टेंबरच्या तुकडीत कोणी पैसे मागितले नाहीत. पण सगळं छान झालं असंही नाही. सोलापूरचे एक काका स्पष्ट म्हणाले की मोर्तादेल्लाच्या गावात येऊन तासभर भाजी मंडईत फिरवलंत, हे काही बरोबर नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. बारा-पंधरा जणांच्या एका गटात दोन्ही नीट होत नाही, आणि दोन गाइड घ्यायच्या तर दर माणशी खर्च इतका वाढतो की ऑफिस अजून तयार नाही. तो प्रश्न तसाच पडून आहे.

आणि एक भर फॉर्ममध्ये परवाच पडली. सप्टेंबरमधल्या दोघींची फेरीच्या दिवशी एकादशी होती, मला सकाळी नाश्त्याला कळलं. गाइडबाईंना फोन करून म्हटलं, दोघी आज उपाशी आहेत. त्यांनी विचारलं, मग काही चालतं का? मी सांगितलं, बटाटा, शेंगदाणे, साबुदाणा, दूध, तूप, फळं, सुका मेवा, खजूर. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही याला उपास म्हणता?"

मंडईत त्यांनी दोघींसाठी अंजिरं आणि अक्रोड आधीच बांधून ठेवले होते.